एकटीने जगप्रदक्षिणा करायचीय? आधी व्हिसाचा क्रम लावा

एकटीने जगभर फिरायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो सेफ्टीचा, आणि तो रास्तच आहे, पण भारतीय पासपोर्टवर निघणाऱ्या बाईचं घोडं खरं अडतं ते व्हिसावर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आवडते देश मांडत बसण्याआधी कुठला व्हिसा किती दिवस टिकतो ते मांडा आणि रूट त्यावरून ठरवा.

गुंता असा आहे की शेंगेन (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा), जपान वगैरे व्हिसा सहसा आपण जिथे राहतो तिथूनच काढावे लागतात, व्हिएतनामच्या हनोईत बसून फ्रान्सचा व्हिसा काढू म्हटलं तर ते जवळजवळ होतच नाही. बरं, सगळे घरूनच काढून ठेवावेत तर ते वाटेत संपतात. जपानचा सिंगल एंट्री टुरिस्ट व्हिसा मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत वापरावा लागतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, त्याला ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि राहायला मिळतं १८० दिवसांत ९० दिवस. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा मात्र साधारण १० वर्षांचा मिळतो आणि त्याची खरी मजा अमेरिकेबाहेर आहे, तो चालू असेल तर मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही, पेरूतही नाही (तिथे त्याची निदान ६ महिने मुदत शिल्लक हवी), आणि तुर्कीचा ई-व्हिसा त्याच्यावर ऑनलाइन मिळतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी अमेरिकेचा, कारण इंटरव्ह्यूच्या तारखेलाच महिनोन्महिने जाऊ शकतात, मग शेंगेन, मग जपान, आणि ते हातात आले की लगेच निघा. दिशा पूर्वेची. व्हिएतनाम (ई-व्हिसा, २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत), तिथून जपान, मग पॅसिफिक ओलांडून मेक्सिको, पेरू, मग युरोप, तुर्की आणि घर. असं केलं की लवकर संपणारा जपानचा व्हिसा सुरुवातीलाच वापरला जातो आणि युरोप पाचव्या महिन्याच्या आसपास येतं. नियम बदलत राहतात, त्यामुळे बुकिंगच्या आधी त्या त्या देशाच्या दूतावासाची साइट स्वतः उघडून बघा, एजंटच्या शब्दावर तिकीट काढू नका. पासपोर्ट नवा करायचाच असेल तर ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. आणि वन-वे तिकीट घेऊन चेक-इनला गेलात तर पुढचं तिकीट दाखवा म्हणतात, ते काढलेलं असू द्या. टोकियोहून मेक्सिको सिटीला जाताना वाटेत तारीखरेषा लागते, म्हणजे निघालात त्याच तारखेला पोचता, हॉटेलची तारीख टाकताना हे लक्षात ठेवा.

आता सेफ्टी. नव्या शहरातली पहिली रात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण तेव्हा आपण दमलेलो असतो, फोनला रेंज नसते, रस्ते माहीत नसतात. फ्लाइट किंवा बस अशीच निवडा की दिवसाउजेडी पोचाल, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पहिल्या दोन रात्री बुक करूनच जा, २४ तास रिसेप्शन असलेली जागा बघा, हॉस्टेल असेल तर फीमेल डॉर्म (फक्त बायकांची सामायिक खोली), आणि रिव्ह्यू वाचताना एकट्या आलेल्या बायकांचेच शोधून वाचा. ई-सिम (ऑनलाइन घेऊन फोनमध्ये टाकायचं सिम) विमानात बसायच्या आधीच टाका. खोलीच्या दाराला आतून लावायला एक रबरी पाचर बॅगेत असू द्या, स्वस्त असते आणि झोप शांत लागते.

मुंबई लोकलच्या लेडीज डब्याची सवय असेल तर बरं वाटेल, मेक्सिको सिटीच्या मेट्रोत पुढचे डबे बायका आणि लहान मुलांसाठी असतात, टोकियोत बऱ्याच लाइनवर गर्दीच्या वेळी, विशेषतः सकाळी, बायकांचा वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणा शोधा.

पेरूत कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. लिमाहून थेट विमानाने गेलात तर डोकं धरतं, मळमळतं, आणि एकटीला ते जास्त जड जातं. पहिले दोन दिवस फक्त आराम, नाहीतर आधी खाली सेक्रेड व्हॅलीत राहून मग वर या. अ‍ॅमेझॉनच्या बाजूला जाणार असाल तर यलो फीव्हरची लस निदान १० दिवस आधी इथेच घ्या, ती जन्मभर चालते, लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा.

दोन कार्डं, दोन वेगळ्या ठिकाणी, हे तर कराच. पासपोर्ट हरवला तर पोलिस रिपोर्ट घेऊन भारतीय दूतावासात जायचं, तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं पण ते फक्त भारतात परत यायला चालतं, आणि जुन्या पासपोर्टवरचे व्हिसाही गेले. म्हणून तो खोलीतल्या लॉकरमध्ये आणि कलर झेरॉक्स पर्समध्ये. अपवाद जपानचा, तिथे टुरिस्टने मूळ पासपोर्ट जवळ बाळगायचा असा कायदाच आहे.

घरच्यांना पटवताना पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं नाव जरूर सांगा, २०१८ मध्ये विसाव्या वर्षी तिने सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटलं होतं, तेही लपवू नका, आईबाबांना खरं सांगितलेलं जास्त पटतं. त्यांच्याशी एक ठरवून टाका: रोज एक मेसेज आणि शहर बदललं की नवा पत्ता, आणि किती तास मेसेज आला नाही तर त्यांनी आधी हॉस्टेलला आणि मग दूतावासाच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करायचा, हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावून या.