इंडेक्सिंगच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमध्ये ‘डेटा एंट्री’ म्हणून मिळणारं काम बरेचदा इंडेक्सिंगचं निघतं, म्हणजे स्कॅन केलेला कागद नंतर सापडावा म्हणून त्याची माहिती भरण्याचं. स्क्रीनच्या एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला रिकामी फील्ड्स. हात टायपिंगला सरावलेला असला की वाटतं, कागदावर दिसेल ते उतरवायचं. पण उद्या हा कागद शोधणारा काय टाइप करेल, तेच फील्डमध्ये जायला हवं.

गृहकर्जाच्या फायलीतलं खरेदीखत घ्या. त्यावर दस्त केल्याची एक तारीख, नोंदणीची दुसरी. नोंदणीसाठी चार महिन्यांची मुदत असल्याने दोन्हींत बरंच अंतर पडू शकतं. ‘तारीख’ एवढंच लिहिलेलं फील्ड दिसलं तर कुठली भरायची हे टीम लीडला आधी विचारा. नाहीतर अर्धी बॅच (एकत्र दिलेला फायलींचा गठ्ठा) एका तारखेने, अर्धी दुसरीने भरली जाते.

दस्त क्रमांकाचंही तसंच. तो दर वर्षी आणि प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात नव्याने सुरू होतो, त्यामुळे नुसता क्रमांक भरला तर एकाच शोधात चार दस्त समोर येतात. कार्यालय, क्रमांक, वर्ष हे त्रिकूट हवंच. पानावरच्या शिक्क्यात ते असतं (ठाण्याचा दस्त असेल तर ‘टनन’ दिसेल), शिवाय पान क्रमांक आणि एकूण पानंही. शिक्का ६० पानं म्हणतो आणि स्कॅनमध्ये ५९ आहेत? दोन पानं चिकटून गेली असतील, किंवा कोरी पानं आपोआप काढणाऱ्या सेटिंगने मुद्रांकाची मागची फिकट बाजू उडवली असेल. बॅच पुढे ढकलू नका, स्कॅनिंगला परत पाठवा. स्कॅन ३०० डीपीआयला घेतलेला असावा. त्याखाली ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) देवनागरी जोडाक्षरांत अडखळतो.

आता एक्सेल. सर्व्हे नंबर १२/३ इंग्रजी आकड्यांत टाकला की एक्सेल त्याची १२ मार्च (किंवा सेटिंगप्रमाणे ३ डिसेंबर) करून टाकतं. मागाहून कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट केला तर पाच आकडी संख्या उरते. त्याच कॉलममधला ११२/३ मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काही खटकत नाही. ००४२ मधली पुढची शून्यंही अशीच गळतात. इलाज सोपा: पहिला आकडा टाकण्याआधी कॉलम टेक्स्ट करायचा.

देवनागरी आणि इंग्रजी आकडे एका फील्डमध्ये मिसळू नका. डोळ्यांना दोन्ही बाराच, पण बऱ्याच सिस्टीमना ते वेगळे. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर कॉपी करून चिकटवला तर फील्डमध्ये अगम्य अक्षरं येतात. युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

गावांची नावं ड्रॉपडाउनमधूनच घ्या. माजिवडा की माजिवडे, कोपरखैरणे जोडून की तोडून, हा वाद मास्टर लिस्ट ठरवणाऱ्यांनी घालावा. यादीत नाव नसेल तर ‘इतर’ टाकून सुटका करून घेऊ नका. ‘इतर’ म्हणजे फायलींचा माळा. रिमार्क लिहून कागद शंकेच्या रांगेत टाका. तुमचा दिवसाचा आकडा थोडा घटेल, पण क्यूसीवाला (भरलेलं काम तपासणारा) ती फाइल तुमच्या नावावर चूक म्हणून मोजणार नाही.