आइस्क्रीमचं छोटं मशीन घेतलंत? मग या चुका टाळा

एप्रिल लागला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. "काकू, अर्धा तास झाला, अजून दूधच फिरतंय. मशीन बिघडलंय का?" मी उलट एवढंच विचारते की भांडं फ्रीजरमध्ये कधी ठेवलं होतं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "सकाळी."

हे घरगुती छोटं मशीन काहीही गार करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. मोटर असते, पातं असतं, ते ढवळतं. थंडी साठलेली असते ती भांड्याच्या दुहेरी भिंतीतल्या द्रवात, आणि ती तिथं भरायचं काम तुमच्या फ्रीजचं. जुन्या लाकडी पॉटमध्ये हे काम बर्फ आणि खडेमीठ करायचं. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली, पार उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फ संपत आला की वरून आणखी टाकायचा, हँडल फिरवणाऱ्याचा हात बदलायचा, काम चालू. इथं ती सोय नाही. जेवढी थंडी साठवलीत तेवढीच मिळणार, आणि पंचवीस-तीस मिनिटांत ती संपणार.

म्हणून भांडं किमान १८ तास, खरं तर पूर्ण २४ तास, उणे १८ अंशांवर राहायला हवं. इथं आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रीजची गोची होते. फ्रीजरच्या कप्प्यावर किंवा माहितीपुस्तकात चांदण्या असतात, त्या बघा. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. "आमच्याकडे बर्फ मस्त होतो" हा पुरावा नव्हे. पाणी शून्यालाच गोठतं. भिंतीतला द्रव त्याच्या बराच खाली गेल्याशिवाय घट्ट होत नाही. भांडं कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा जरासाही आवाज आला, तर ते परत आत ठेवा आणि पाहुण्यांना सरबत द्या.

आमच्या नात्यातल्या एका वाढदिवसाची गोष्ट सांगते. मे महिना, वीस-बावीस माणसं, दोन डझन हापूसचा रस, आणि आदल्याच दिवशी घरपोच आलेलं कोरं मशीन. भांडं सकाळी फ्रीजरमध्ये गेलं, त्यात दुपारी वीज गेली. संध्याकाळी आटवलेलं दूध कोमट असतानाच त्यात रस मिसळला आणि सगळं भांड्यात ओतलं. पाऊण तासानं मिश्रण होतं तसंच. मग कुणीतरी हुशारी करून त्यात बर्फाचे खडे टाकले. हो, मिश्रणात! पातं खड्यांवर अडकलं, मोटर कण्हायला लागली, जळका वास आला, तेव्हा कुठं मी जाऊन बटण बंद केलं. शेवटी पाणचट झालेला तो हापूस सगळ्यांनी पेल्यातून प्यायला आणि तोंडभर कौतुकही केलं. मला त्या आंब्यांचं वाईट वाटलं. बरं, सगळं सुरळीत झालं असतं तरी दीड लिटरच्या भांड्यात सहा-आठ जणांपुरतंच होतं. दुसरा घाणा घालायचा तर भांडं पुन्हा चोवीस तास आत. वीस माणसांना बोलवायचं असेल तर दोन दिवस आधीपासून थोडं थोडं करून डबे भरून ठेवा, नाहीतर सरळ विकतचं आणा. त्यात काही कमीपणा नाही.

माझ्याकडे होळीपासून पाऊस सुरू होईपर्यंत भांड्याचा मुक्काम फ्रीजरमध्येच असतो. कोरडं पुसून, पिशवीत गुंडाळून, अगदी मागे. मटारांनी जागा शोधावी.

कोमट मिश्रण ही याच चुकीची धाकटी बहीण. मिश्रण आदल्या रात्री करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, साधारण ४ अंशांवर. पातेलं परातीतल्या बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवून गार करता येतं, पण रात्रभर मुरलेल्या मिश्रणात स्निग्धांश नीट घट्ट होतो, हवा चांगली धरली जाते, आणि तो फरक जिभेला कळतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी ज्यांची तऱ्हा असते त्यांनी कुल्फीचे साचे घ्यावेत.

आधी मशीन सुरू करा, मग ओता. उलट केलंत तर मिश्रण भिंतीला चिकटून गोठतं आणि पातं अडतं. भांडं निम्म्याहून थोडंच जास्त भरा, कारण हवा शिरून ते फुगतं.

आता साखर. "आंबा गोडच आहे, साखर नको", "आमच्याकडे कमी गोड खातात". खा की, पण मग दुसऱ्या दिवशी डब्यातून वीट निघाली तर मशीनला बोल लावू नका. साखर चवीपुरती नसते. ती पाण्याचा काही भाग गोठू देत नाही, म्हणून चमचा आत शिरतो. एक किलो मिश्रणाला दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. रस चांगला गोड असेल तर थोडी कमी चालेल, निम्मी नाही. स्टीव्हियाचे दोन थेंब गोडी देतील, हे काम करणार नाहीत. मिश्रण चाखताना किंचित जास्तच गोड लागायला हवं, कारण थंडीत गोडी दबते.

टोन्ड दुधाचं आइस्क्रीम म्हणजे बर्फाचा चुरा. त्यात स्निग्धांश ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. मी फुल क्रीम दूध दोन-तृतीयांश होईपर्यंत आटवते आणि त्यात २५ टक्के स्निग्धांशाचं डब्यातलं फ्रेश क्रीम घालते. दुधाची पावडर चमचा-दोन चमचे ठीक; जास्त घातली तर काही दिवसांनी जिभेला वाळू लागते. केकवाल्यांचं फेटायचं 'नॉन डेअरी' क्रीम वनस्पती तेलाचं असतं. ते सुंदर फुलतं, पण चवीला मेणकट, आणि त्यासाठी मशीन मांडायची गरजच काय? रीलमधलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कचं 'दोन मिनिटांत आइस्क्रीम'ही तसंच, ते मशीनशिवाय करायची कृती आहे. मशीनमध्ये घालून वर जास्त फिरवलंत तर लोण्याचे कण हाती येतील.

सीताफळाचा गर कधीही गरम करू नका, कडू होतो. तो गार मिश्रणात अगदी शेवटी घाला. अननस मात्र साखरेत शिजवूनच. कच्चा घातला तर त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडवटपणा येतो. स्ट्रॉबेरीचे तुकडे कच्चे घातले तर दातांखाली बर्फाचे गोटे येतात.

अमेरिकेहून लेकानं आणलेलं मशीन असेल तर प्लगला हात लावण्याआधी खालचं लेबल वाचा. आमच्या सोसायटीतल्या एका मावशींकडे असं देखणं मशीन आलं. लेकानं सोबत अडॅप्टर दिला होता, त्यांनी तो लावला आणि बटण दाबलं. लेबलवर १२० व्होल्ट, आपल्या भिंतीत २३०. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मोटर दोन मिनिटांत गेली. अशा मशीनला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तिकडची वीज ६० हर्ट्झची तर आपली ५०, त्यामुळे तो लावूनही काही मोटरी हळू फिरतात. लेकाला म्हणावं, पैसे पाठव, मशीन इथंच घेऊ.

मशीनमधून निघतं ते मऊच असतं. ते बिघडलेलं नाही, त्याला पसरट डब्यात घालून, वर बटर पेपर चिकटवून चार तास फ्रीजरमध्ये ठेवायचं आहे. दर वीस मिनिटांनी झाकण उघडून बोट घालणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

भांड्यातून काढताना लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा वापरा, स्टीलचा डाव नको. रिकामं भांडं लगेच नळाखाली धरू नका, साध्या तापमानाला येऊ द्या, मग कोमट पाण्यानं हातानं धुवा. भिंतीतून द्रव पाझरताना दिसला तर फेविक्विक शोधू नका, ते भांडं संपलं. काही मशीनांचं सुटं भांडं विकत मिळतं, काहींचं मिळतच नाही, तेव्हा दुकानात पैसे देण्याआधीच विचारून घ्या.