जेमिनी सर्फॅक्टंटवर सेमिनार आलाय? मग आधी जर्नलची नावं नीट बघा

एमएस्सीच्या सेमिनारला सर्फॅक्टंट (साबणासारखे रेणू, जेमिनी म्हणजे असे दोन एकत्र जोडलेले) वापरून जीन डिलिव्हरी (पेशीत जीन पोचवणं) असला विषय आला की पोरं पन्नास पीडीएफ डाउनलोड करतात आणि वाचत एकही नाहीत, मी पण तेच केलेलं. सांगलीत विश्रामबागच्या रूमवर भडंग खात दोन रात्री एकच रेफरन्स शोधत बसलो होतो, कुणाच्या तरी थिसीसमध्ये पर्किन ट्रान्झॅक्शन्स २००४ असं टाइप केलेलं, मिळेचना. मिळणार कसं, ते जर्नल २००२ लाच बंद झालं आणि २००३ पासून त्याच्या जागी ऑरगॅनिक अँड बायोमॉलिक्युलर केमिस्ट्री आलं.

म्हणून रेफरन्स हातात आला की नावाआधी साल बघा. जर्मनांचं लीबिग्स अनालेन १८३२ चं, केमिशे बेरिश्टे १८६८ चं, शिवाय डच, फ्रेंच, इटालियन, बेल्जियन सगळ्यांची आपापली जर्नल होती. १९९८ च्या आसपास ही बरीचशी एकत्र झाली आणि दोन नवीन निघाली, ऑरगॅनिकसाठी युरोपियन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि इनऑरगॅनिकसाठी तसंच दुसरं. त्यामुळं लीबिग्स अनालेन २००१ असं कुठं दिसलं तर सरळ समजायचं की लिहिणाऱ्यानं मूळ पेपर उघडलेलाच नाही.

आंगेवांटे केमीची गंमत वेगळी. एकच लेख जर्मन आवृत्तीत आणि इंटरनॅशनल आवृत्तीत, दोन्हीकडं व्हॉल्यूम वेगळा, जुन्या लेखांना पानही वेगळं. इंटरनॅशनल १९६२ ला सुरू झाली, तेव्हा जर्मनचा ७४ वा व्हॉल्यूम चालू होता, म्हणजे फरक ७३ चा. ११५ दिसलं की ७३ वजा करा, ४२ येतं, म्हणजे २००३ साल. हे मला कुणी सांगितलं असतं तर एक रात्र तरी वाचली असती.

आणि २००३, व्हॉल्यूम ४२, पान १४४८ हेच तुम्हाला पहिलं उघडायचंय. कर्बी, कॅमिलेरी, एंगबर्ट्स आणि बाकी मंडळींचा जेमिनी सर्फॅक्टंट आणि जीन ट्रान्सफेक्शनवरचा (पेशीत डीएनए घालण्यावरचा) रिव्ह्यू. त्याच्या रेफरन्समधून मागं जा, साइटेड बाय मधून पुढं या. मागं जाताना दोन थांबे सोडू नका, १९८७ चा फेल्गनर यांचा लिपोफेक्शनचा (लिपिड वापरून डीएनए पेशीत घालण्याचा) पेपर आणि १९९१ चा मेंगर यांचा, जेमिनी हे नाव तिथलं.

आता वाचायचं कसं. बेंदराची बैलजोडी डोळ्यासमोर आणा. दोन बैल म्हणजे दोन साबणाचे रेणू, डोक्यापाशी जू म्हणजे स्पेसर, मागं दोन शेपट्या. १२-३-१२ असं लिहिलेलं दिसलं की शेपट्या १२ कार्बनच्या आणि जू ३ कार्बनचं, बास. डोक्यावर पॉझिटिव्ह चार्ज, डीएनएच्या फॉस्फेटवर निगेटिव्ह, म्हणून ते चिकटतात आणि लांबलचक डीएनएचा छोटा गोळा होतो. तो गोळा पेशी गिळते, पण गिळला म्हणजे काम झालं असं नाही, तो एंडोसोमच्या पिशवीत अडकतो आणि तिथून वेळेत सुटला नाही तर आतला डीएनए वाया जातो. खरी मारामारी इथंच आहे, डीओपीई सारखं हेल्पर लिपिड घालतात ते पिशवी फोडायला मदत व्हावी म्हणून.

प्रत्येक पेपरमध्ये मी एवढंच शोधतो: जेलमध्ये डीएनए कुठल्या चार्ज रेशोला (सर्फॅक्टंटचे पॉझिटिव्ह भागिले डीएनएचे निगेटिव्ह) वेलमध्ये, म्हणजे सॅम्पल घालायच्या खाचेतच अडकून राहतो, ल्युसिफरेज किंवा जीएफपी (जीन चालू झालं हे दाखवणारी प्रथिनं) किती आलं, एमटीटी टेस्टमध्ये पेशी किती जगल्या, आणि हे सगळं सीरम (रक्तातला द्रव भाग) घालून केलं का सीरमशिवाय. शेवटचं फार जण लपवल्यासारखं लिहितात, एक्सपेरिमेंटल भागात खाली कुठंतरी एका ओळीत असतं, तिथं पेन्सिलनं गोल करा.

व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न, साधा एका शेपटीचा सर्फॅक्टंट का नको? डीटीएबी या १२ कार्बनच्या एका शेपटीच्या सर्फॅक्टंटची सीएमसी (ज्या प्रमाणाच्या वर रेणू एकत्र येऊन झुबके करतात ते प्रमाण) सुमारे १५ मिलिमोलर, त्याच शेपटीच्या जेमिनीची १ च्या आसपास. म्हणजे पातळ केलं तरी जेमिनीचे झुबके टिकून राहतात, साधा सर्फॅक्टंट सुटा होतो आणि पेशीचंच मेम्ब्रेन धुवून काढतो. हे आकडे स्लाइडवर टाकू नका, तोंडी सांगा, सर पुढचा प्रश्न तिथूनच विचारतात आणि उत्तर तुमच्याकडं असतं.