आधी मोटार, मग व्हॉल्व्ह: ड्रायव्हरमधली गळती कशी काढावी

रावेरकडे एका केळीच्या बागेत मातीची ओल मोजायला छोटा लिनक्स बोर्ड बसवला होता. सोलरची बॅटरी दिवसभर भरायची आणि पहाटेला रिकामी. चार दिवस मी पॅनेलला शिव्या घातल्या. चूक निघाली माझ्याच ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) सेन्सर चालवणाऱ्या कोडमध्ये.

प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडलं की कर्नल चालवतं ते) मी आधी क्लॉक (चिपला ठोका देणारा) चालू करायचो, मग रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) मागायचो. रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून उठलेला नसला की उत्तर यायचं प्रोब-डिफर, म्हणजे ‘थोड्या वेळानं ये’. मी क्लॉक तसाच चालू ठेवून माघारी. कर्नल प्रोब पुन्हा चालवायचं, क्लॉक किती वेळा चालू केला याची मोजणी एकानं वाढायची. डीबगएफएसमधल्या (कर्नल आतली माहिती फाइलींत दाखवतं ती जागा) क्लॉक-समरीत आकडा दिसला 4: तीन फसलेल्या खेपा, एक यशस्वी. सस्पेंड होताना ड्रायव्हर एकदाच क्लॉक सोडतो. उरलेले तीन रात्रभर बॅटरी पीत बसले.

अशी गळती, म्हणजे घेतलेलं परत न करणं, शोधायला आधी कागद घ्या. प्रोबमध्ये जे जे घेतलं ते डावीकडे, ते परत करणारं उजवीकडे: केमॅलॉक–केफ्री (मेमरी), रिक्वेस्ट-आयआरक्यू–फ्री-आयआरक्यू (इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची हाक), क्लॉक-प्रिपेअर-एनेबल–क्लॉक-डिसेबल-अनप्रिपेअर. मग प्रत्येक रिटर्नवर बोट ठेवून बघा, इथवर काय काय हातात आलंय. मधूनच सुटलेला रिटर्न सापडला, की गळती तिथंच.

आता त्या रिटर्नच्या जागी गोटू (थेट लेबलावर उडी) लिहा आणि फंक्शनच्या तळाशी लेबलांची उतरंड करा, एकेका लेबलाखाली एकेक गोष्ट परत. कॉलेजात गोटूला वाळीत टाकायला शिकवलं असेल. कर्नलमध्ये इथं तोच रिवाज आहे. उतरताना क्रम उलटा. ठिबकवाल्याला हे सांगावं लागत नाही: चालू करताना आधी व्हॉल्व्ह, मग मोटार, बंद करताना आधी मोटार, मग व्हॉल्व्ह. उलटं केलं तर पाइप फुटतो. ड्रायव्हरमध्ये आयआरक्यू सोडण्याआधी मेमरी सोडली आणि तेवढ्यात इंटरप्ट आला, तर हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) सोडलेल्या मेमरीत हात घालतो. आणि मोटार चालूच झाली नाही, तरी उघडलेला व्हॉल्व्ह बंद करूनच घरी जायचं असतं.

गोटूआधी एरर कोड भरलाय ना, तेही बघा. तो शून्यच राहिला तर सगळं आवरूनही प्रोब ‘यशस्वी’ ठरतो.

हा पसारा टाळायचा तर डेव्हएमची फंक्शनं वापरा. 2007 साली 2.6.21 कर्नलमध्ये ही सोय आली. प्रोब फसला किंवा डिव्हाइस निघालं की घेतलेलं आपोआप उलट्या क्रमानं सुटतं. पण अर्धं डेव्हएम, अर्धं हातानं असं करू नका. क्लॉक तुम्ही हातानं आधी बंद करता, डेव्हएमचा आयआरक्यू मागाहून सुटतो. पुन्हा मोटारीआधी व्हॉल्व्ह बंद.

दोन ठिकाणं हमखास नजरेतून सुटतात. पीएम-रनटाइम-गेट-सिंक (झोपलेलं डिव्हाइस जागं करणारं) फसलं तरी वापराची मोजणी वाढवून ठेवतं; त्याऐवजी पीएम-रनटाइम-रिझ्यूम-अँड-गेट घ्या. आणि फॉर-ईच-चाइल्ड-ऑफ-नोडच्या लूपमधून (डिव्हाइस-ट्री या हार्डवेअरच्या नकाशातले पोटनोड एकेक घेणारा) अर्ध्यात बाहेर पडलात, तर हातातला नोड सोडणारं ऑफ-नोड-पुट तुम्हालाच करावं लागतं.

शेवटी मुद्दाम मोडून बघा. प्रत्येक टप्प्यावर तात्पुरती खोटी एरर घाला, सिसएफएसमधून (कर्नल डिव्हाइसं फाइलींसारखी दाखवतं ती जागा) डिव्हाइस दहा-वीस वेळा बाइंड करा, म्हणजे ड्रायव्हरला जोडा. क्लॉकचा आकडा चढता कामा नये. मेमरीसाठी केमेमलीक (कर्नलचाच गळती-शोधक) चालू करून कर्नल बांधा आणि डीबगएफएसमधल्या त्याच्या फाइलीत ‘स्कॅन’ लिहा. ती फाइल वाचली की वाली नसलेला तुकडा कुठल्या फंक्शननं घेतला ते नावानिशी कळतं. खोट्या एरर काढायला मात्र विसरू नका. मी एकदा एक तशीच बागेत पाठवली होती.