फौजी फॅमिली पेन्शनवर आईची असिस्टेड लिव्हिंगमध्ये सोय करण्याआधी

आधार, पॅन, पासबुक, फोटो हे सांगायला नको. फाइलमध्ये सगळ्यात वर हवा तो पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. वडिलांचा जुना असेलच, पण आईच्या नावाने निघालेला फॅमिली पेन्शनचा पीपीओ वेगळा असतो. तो स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवरून काढा आणि रकमेच्या आधी आईची जन्मतारीख बघा. आहे का? आधारवरच्या तारखेशी जुळते का? मागच्या वेळी, सासूबाईंच्या बाबतीत, नेमकं हेच बघायचं राहिलं, आणि ऐंशी पूर्ण झाल्यावरही पेन्शन होती तेवढीच येत राहिली.

ऐंशीपासून मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात. 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. ऐंशी ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या 1 तारखेपासून हा हक्क लागू होतो, वर महागाई सवलतही त्या प्रमाणात वाढते. असिस्टेड लिव्हिंग केंद्राचा, म्हणजे देखभालीसह राहण्याच्या जागेचा, खर्च नेमका याच वयात वाढत जातो, म्हणून ही रक्कम सोडून चालत नाही. पण नोंदीत तारीखच नसेल तर वाढ आपोआप लागेल या भरवशावर राहू नका. त्या पिढीतल्या बायकांची तारीख अनेकदा कुणीतरी अंदाजाने 1 जून लिहिलेली असते. वडिलांच्या लष्करी डिस्चार्ज बुकात एक, मतदार कार्डावर दुसरी, आधारवर तिसरी. नावाचंही तसंच, एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. आधी सगळे कागद शेजारी ठेवून बघा, एक तारीख नक्की करा, मगच अर्ज. मदतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जुनी नोंद वडिलांच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असते, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावला. दुरुस्तीला वेळ लागतो. म्हणून केंद्र बघायला जाण्याच्याही आधी जन्मतारीख.

आता हिशेब. वडील निवृत्तीनंतर, पण 67 च्या आत गेले असतील तर आईला सुरुवातीला वाढीव दराने पेन्शन मिळते: सात वर्षं किंवा वडील 67 चे झाले असते तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. पुढे ती शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांवर येते. आजचा आकडा बघून महागडं केंद्र ठरवलंत तर पुढे फरक तुम्हालाच भरावा लागेल. भावंडांमध्ये कोण किती देणार ते आत्ताच बोलून, लिहून घ्या. नंतर बोलणं फार जड जातं. वडिलांना सेवेतल्या 100 टक्के अपंगत्वामुळे कायमच्या मदतनिसासाठीचा भत्ता मिळत होता म्हणून तो हिशेबात धरू नका. हा भत्ता विधवेला मिळत नाही.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना उपचारांसाठी आहे. राहण्याजेवणाचं महिन्याचं बिल त्यातून निघेल असं धरू नका. ही योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली, आधी निवृत्त झालेल्यांना सदस्यत्व मागून घ्यावं लागलं, तेव्हा आईचं कार्ड खरंच आहे का ते हातात घेऊन बघा. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा दवाखाना, बदलून घ्या, नाहीतर दर महिन्याच्या औषधांसाठी कुणाला तरी जुन्या पॉलिक्लिनिकला पळावं लागेल. यादीत नसलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावं लागलं तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. हे केंद्रातल्या नर्सलाही माहीत हवं, लिहूनच द्या.

करारात डायपर, रात्रीची मावशी, रुग्णालयात सोबतीला माणूस, हे दरात आहे की वेगळं ते विचारा. दरवाढ किती आणि केव्हा. डिपॉझिट परत कधी.

स्पर्शमध्ये मोबाइल नंबर चालू आणि तुमच्या हाताशी असलेला हवा, ओटीपी तिथेच येतो. बँकेत वारसाचं नाव. आणि जन्मतारखेची दुरुस्ती झाली असं कुणी तोंडी सांगितलं तर मान हलवून परत येऊ नका, नवा पीपीओ काढून डोळ्यांनी बघा.

हयातीचा दाखला दरवर्षी. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून मोबाइलवर होतो, केंद्रात जाऊनच करा, आईला हलवू नका.