पीसीवरचा फुकट कॅल्क्युलेटर नीट कसा वापरायचा, आणि आमचे २४०० रुपये कुठे गेले

दादरला आमची २८ बिऱ्हाडांची जुनी सोसायटी आहे आणि खजिनदार व्हायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी झालो. मागच्या वर्षी हिशोबात बरोब्बर २४०० कमी येत होते. २४०० म्हणजे एका फ्लॅटचं महिन्याचं मेंटेनन्स, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की कोणीतरी भरलेलंच नाही, आणि दोन रविवार आम्ही पावत्या उलटसुलट करत बसलो. शेवटी चूक माझीच निघाली, ती कशी ते खाली सांगतो, कारण ती कोणाच्याही हातून होऊ शकते.

आधी एक सांगतो, कॅल्क्युलेटर शोधायला लगेच गुगलवर जाऊ नका. मी गेलो होतो, मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसलं, दाबलं, कॅल्क्युलेटर आलाच नाही पण ब्राउझरचं होमपेज बदललं आणि कोपऱ्यात जाहिराती उड्या मारायला लागल्या. विंडोजमध्ये कॅल्क्युलेटर १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा कोडसुद्धा सगळ्यांसाठी खुला केला. मॅकवर असतो, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ग्नोम कॅल्क्युलेटर नाहीतर केकॅल्क नावाचा असतोच. विंडोजचं बटण दाबा, कॅल्क टाइप करा, एंटर. उघडला की टास्कबारवर त्याच्या चित्रावर राइट क्लिक करून पिन करून ठेवा, रोज शोधायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डावीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत, तिथे मोड बदलतो. उघडल्यावर बहुतेकदा स्टँडर्ड असतो, आणि स्टँडर्ड मोड आपल्या साध्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरसारखा जसं दाबाल तसं डावीकडून उजवीकडे करत जातो, शाळेतला आधी गुणाकार-भागाकार मग बेरीज हा नियम तो पाळत नाही. आमच्याकडे वरच्या फ्लॅटमधून खालच्या फ्लॅटमध्ये लिकेज होतं, प्लंबरने ६०० घेतले, ते दोघांत अर्धे-अर्धे लावायचे ठरले. मी दाबलं २४०० अधिक ६०० भागिले २. यायला पाहिजे २७००, आलं १५००, कारण त्याने आधी ३००० केले आणि मग अर्धे केले. दोन्ही फ्लॅटना प्रत्येकी १२०० कमी बिल गेलं, झाले २४००! आणि कमी बिल आलेला माणूस कधी तक्रार करतो का हो?

म्हणून मिश्र हिशोब असेल तर ऑल्ट आणि २ दाबा, सायंटिफिक मोड येतो, तेच आकडे तिथे टाका, २७०० येतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, साइन-कॉसची बटणं आहेत ती राहू देत बाजूला. परत स्टँडर्डला यायचं तर ऑल्ट आणि १.

मग तो लाखांचा कॉमा. बऱ्याच जणांच्या पीसीवर १००,००० असं दिसतं आणि शून्य मोजत बसावं लागतं. हे कॅल्क्युलेटरमध्ये बदलत नाही, विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिजनमध्ये जा, अॅडिशनल सेटिंग्ज उघडा, तिथे डिजिट ग्रुपिंगमध्ये १२,३४,५६,७८९ असा पर्याय आहे तो निवडा, ओके करा, कॅल्क्युलेटर बंद करून परत उघडा.

माउसने बटणं दाबत बसू नका, नम लॉक चालू करून कीबोर्डच वापरा. एस्केप दाबलं की सगळं साफ, डिलीट दाबलं की फक्त आत्ता टाकलेला आकडा जातो, आधीचं राहतं. कंट्रोल आणि एच दाबलं की आधीचे हिशोब दिसतात, पण त्या हिस्ट्रीवर जास्त भरोसा ठेवू नका, ती काय वही नाही.

जीएसटीचं विचारतात लोक. लिफ्टवाल्याचं कोटेशन १८०० अधिक १८ टक्के, तर स्टँडर्डमध्ये १८०० अधिक १८, मग टक्क्याचं बटण, तो ३२४ दाखवेल, मग बरोबर, २१२४. उलटं काढताना मात्र बहुतेक जण फसतात. २१२४ मधून १८ टक्के वजा केलेत तर १७४१.६८ येतील, ते चूक, कारण १८ टक्के मूळ रकमेवर लागले होते, एकूणवर नाही. २१२४ ला १.१८ ने भागा, १८०० मिळतात.

उशिरा पैसे भरणाऱ्यांच्या व्याजासाठी तारखांचा मोड आहे, ऑल्ट आणि ५. १ एप्रिल ते १५ जून टाका, आधी दोन महिने दोन आठवडे असं दाखवतो आणि खाली ७५ दिवस. आमच्याकडे १८ टक्के सरळ व्याज आहे, ७२०० रुपये थकले असतील तर ७२०० गुणिले ०.१८ गुणिले ७५ भागिले ३६५, म्हणजे २६६ रुपये ३० पैसे. बोटांवर दिवस मोजून वाद घालण्यापेक्षा हे बरं. तीन रेघांच्या त्याच मेनूत खाली क्षेत्रफळाचा कन्व्हर्टर पण आहे, ४३० स्क्वेअर फूट कार्पेट म्हणजे साधारण ३९.९५ चौरस मीटर, अॅग्रीमेंट वाचताना लागतो.

एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण लांब हिशोब असेल आणि मागे जाऊन एक आकडा सुधारायचा असेल तर स्पीडक्रंच घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, स्पीडक्रंच डॉट ओआरजी, मधल्या कुठल्या हिरव्या बटणावरून नाही. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते, ऑफिसच्या पीसीवर इन्स्टॉल करू देत नाहीत तिथे कामाला येते (आधी विचारून हां). ०.१२ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली, दिसायला जरा जुनाट आहे, मला चालतं. यात बटणं दाबत बसायची गरज नाही, एक रिकामी ओळ असते, अख्खा हिशोब ओळीत लिहायचा, टाइप करतानाच उत्तर दिसत राहतं, एंटर मारलं की वर साठत जातं. चूक झाली तर वरचा बाण दाबा, तीच ओळ परत येते, आकडा बदला, एंटर. गुणाकार-भागाकाराचा क्रमही शाळेतलाच, त्यामुळे २४०० चा घोळ इथे झालाच नसता. सेटिंग्जमध्ये बंद करताना हिस्ट्री सेव्ह करायचा पर्याय आहे तो चालू ठेवा.

फुटाचे मीटर, डॉलरचे रुपये असलं सारखं लागत असेल तर क्वालक्युलेट बघा, तोही फुकट, पण मेनू इतके आहेत की सुरुवातीला डोकं फिरतं, मी पंधरा दिवसांत सोडला.

महिनाअखेर आली की मी स्पीडक्रंचमधला सगळा हिशोब साध्या टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करतो आणि ऑडिट बघणाऱ्या तळमजल्यावरच्या काकांना पाठवतो. ते बँकेतून रिटायर झालेत, त्यांना स्क्रीनवर काही पटत नाही, प्रिंट मागतात, मग टेबलावरचा मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर काढून प्रत्येक ओळ परत करतात आणि लाल पेनाने टिक मारतात. लिकेजच्या ओळीवर अजून दोन टिका मारतात.