पेरणीआधी कंपोस्ट तपासून घ्या

मृग लागायच्या आत रानात खत पसरायची लगबग जुन्नरपासून पुरंदरपर्यंत सगळीकडे असते. ट्रॉलीचा भाव ठरतो, पण त्यात नत्र (नायट्रोजन) किती हे क्वचितच कुणी विचारतं. यंदा तेवढं विचाराच.

आता निअर इन्फ्रारेड प्रकाशानेही कंपोस्ट तपासता येतं. डोळ्यांना न दिसणारा, 780 ते 2500 नॅनोमीटरचा प्रकाश नमुन्यावर टाकतात आणि त्यातला कुठला किती शोषला गेला त्यावरून ओलावा, सेंद्रिय कर्ब व नत्राचा अंदाज बांधतात. रसायनं लागत नाहीत, आकडे काही मिनिटांत मिळतात. मात्र पाणी हा प्रकाश फार शोषतं, म्हणून ओलसर खतापेक्षा सावलीत वाळवून, बारीक करून चाळलेल्या नमुन्याचा आकडा जास्त भरवशाचा. शिवाय यंत्र आपल्याकडच्या पाचट, शेण, प्रेसमडच्या (साखर कारखान्यातल्या मळीच्या) कंपोस्टवर जुळवलेलं आहे का, हेही विचारा.

स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) या प्रकाशाला थेट दिसत नाहीत. यंत्र त्यांचे आकडे आडून काढतं. माझं स्पष्ट मत आहे की त्यावर खताचा हिशोब बसवू नये. प्रयोगशाळेत स्फुरद रंगमापकावर आणि पालाश फ्लेम फोटोमीटरवर मोजून घ्यावं. बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

नमुन्यात चूक झाली तर कुठलंच यंत्र उपयोगाचं नाही. ढिगाचा वरचा वाळलेला थर बाजूला सारा. दहा-बारा ठिकाणी हात-दीड हात आत खणून मूठमूठ खत स्वच्छ घमेल्यात घ्या. युरियाचं रिकामं पोतं अजिबात वापरू नका, नत्राचा आकडा फुगतो. सगळं कालवून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. आत हात घातल्यावर गरम लागलं किंवा उग्र वास आला तर खत अजून कुजतंय. तपासणी थांबवा, ढीग पालथा करा. हुमणीच्या, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या किडीच्या, अळ्या दिसल्या तर वेचून मारा.

अहवालात नत्र कोरड्या वजनावर दिलंय का ते पाहा. 1 टक्का नत्र आणि 25 टक्के ओलावा असेल तर टनामागे नत्र साडेसात किलोच, आणि त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाला थोडंच मिळतं. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब आहे तो आकडा, 20 पेक्षा कमी हवं. ते फार जास्त असेल तर जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. असं खत पेरणीच्या तोंडावर टाकू नका.